आजीचा सोऱ्या आणि लेकीचा ट्रॉम्बोन

काल तुझा फोन आला तेव्हा समोर गिऱ्हाईक उभं होतं, म्हणून "बघते गं, बघते" म्हणून ठेवून दिला. आता दुकान बंद केलंय, चहा घेतलाय, बोटांना अजून पॉलिशचा वास येतोय. निवांत बोलते. तूही हे कानाला लावून भाजी निवडत बस हवं तर.

पहिलं म्हणजे पोरीवरचा राग सोड. ट्रॉम्बोनच्या स्लाइडला पोचा आला याचं तुला एवढं लागलेलं नाही, तिनं तीन आठवडे लपवून ठेवलं याचं लागलंय. अगं, अकरा वर्षांची आहे ती. तिच्या वयात मी आजीच्या सोऱ्याचं काय केलं होतं ते तुला ठाऊक नाही, तू तेव्हा पाळण्यात होतीस. सांगते.

त्याआधी तुझ्या अहोंना एक निरोप. कार्टमध्ये भरून ठेवलेली हत्यारं दोन दिवस तशीच राहू देत म्हणावं. यादी त्यांनी मलाही पाठवली. पोलादी गोळ्यांचा संच, तीन हातोड्या, एक लांब केबल आणि वर भलामोठा लोहचुंबक. माणूस हौशी आहे, हात चांगला आहे, तुमचा बेसिनचा नळ त्यांनीच बदलला हे मला माहीत आहे. पण त्या एवढ्या यादीत जी एक वस्तू हवी होती तीच नाहीये.

तर सोऱ्या. दिवाळीच्या आधी माळ्यावरून भांडी काढत होतो. आजीचा तो जड पितळी सोऱ्या माझ्या हातून निसटला आणि जिन्यावरून गडगडत खाली गेला. नळीला मधोमध पोचा. मी इकडेतिकडे बघितलं, सोऱ्या पुसला, फडक्यात गुंडाळून ठेवून दिला. चकल्यांच्या दिवशी आजीनं दट्ट्या घातला. अर्ध्यापर्यंत लोण्यासारखा गेला आणि थबकला. तिनं जोर लावला, तसा कर्रकन आवाज झाला आणि दट्ट्याच्या कडेला ओरखडा उठला. आजी काही बोलली नाही. माझ्याकडे नुसतं बघितलं, सोऱ्या पिशवीत टाकला आणि माझा हात धरून तांबट आळीत घेऊन गेली. कसब्यातल्या आपल्या घरापासून लांब नव्हतीच. ठक ठक ठक कोपऱ्यावरूनच ऐकू यायचं. तांबटानं आतून बोट फिरवलं, बाहेरून अंगठा फिरवला. मग त्याच्याकडच्या लोखंडी दांड्यांतला एक उचलून नळीत घालून पाहिला, बाजूला ठेवला. दुसरा घातला, तोही ठेवला. तिसऱ्यावर नळी चढवली आणि हलक्या हातानं मठारायला लागला. हातोडी चालली ती मिनिटभर. बाकी सगळा वेळ दांडा निवडण्यात गेला.

मी पुढे मिनेसोटात, रेड विंगला, बँडची वाद्यं दुरुस्त करायचं शिकले. तिथे पहिल्यांदा स्लाइडचा पोचा काढताना बघितला, तेव्हा हसूच आलं मला. नावं इंग्रजी, बाकी सगळं तांबट आळीचं.

ट्रॉम्बोनची स्लाइड म्हणजे जोडसोऱ्या समज. आतल्या दोन नळ्या जागच्या जागी, त्यांच्यावरून बाहेरच्या दोन नळ्या मागेपुढे सरकतात, आणि बाहेरच्या दोघींना टोकाशी यू-आकाराचं वळण जोडलेलं. आतल्या नळ्यांचा शेवटचा चार-पाच इंचांचा तुकडा बाकीच्या नळीपेक्षा किंचित जाड असतो. त्याला म्हणतात स्टॉकिंग. मोजाच की! घासतो तो फक्त हा मोजा, वरची नळी बाहेरच्या नळीपासून जरा अंतर राखून असते. आणि किती अंतर म्हणशील तर मामा कारखान्यात लेथवर होते तेव्हा 'थाऊ-थाऊ' करायचे ना, तेच. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. आपला एक केस दोन-तीन थाऊ जाड असतो. मोजा आणि बाहेरची नळी यांच्यातली फट साधारण तेवढ्याच मापाची. बाहेरच्या नळीचा पत्रा जेमतेम पाव मिलिमीटर. आता सांग, अशा नळीला खुर्चीच्या कडेचा धक्का लागला तर काय उरतं? तुला वरून डोळ्याला दिसतही नाही, बोटाला लागत नाही, आणि पोरगी म्हणते "मावशी, चौथ्या पोझिशनला अडतं."

तिनं हे सांगितलं ना, तेव्हाच मला अर्धं निदान झालं. हुशार आहे तुझी लेक. पहिल्या पोझिशनला स्लाइड पूर्ण आत असते, तेव्हा मोजा असतो खाली वळणापाशी. सातव्या पोझिशनला हात लांबवला की मोजा बाहेरच्या नळीच्या तोंडापाशी येतो. अडतं कुठे ते कळलं की पोचा कुठे ते कळलं. पहिल्या-दुसऱ्याला अडत असेल तर वळणाजवळ बघायचं, सहाव्या-सातव्याला असेल तर तोंडाजवळ. चौथ्याला, म्हणजे बरोबर मधोमध. आजीच्या सोऱ्यासारखाच.

पण थांब, प्रत्येक अडकणं पोच्यानंच होतं असं नाही. माझ्याकडे "पोचा आलाय" म्हणून आलेल्या कितीतरी स्लाइड नुसत्या धुऊन चालू झाल्या आहेत. वाजवणाऱ्याची लाळ, जुनं क्रीम, डब्यातल्या खाऊचे कण (हो, फुंकण्याआधी चिवडा खाऊ नये हे पोरांना कोण सांगणार!) हे सगळं मोज्यावर बसतं. म्हणून आधी आंघोळ. कोमट पाणी, भांड्यांचा सौम्य साबण, लांब लवचीक ब्रश. कढत पाणी नको, वरचं लॅकर उडतं. पितांबरी नको, चिंच-मीठ तर मुळीच नको. देवाच्या भांड्यांना जे चालतं ते इथे चालत नाही. धुवून, पुसून, ताजं क्रीम लावून बघ. एके काळी मोठमोठे वादक आपलं साधं पॉन्ड्स कोल्ड क्रीम लावायचे आणि वर पाण्याचा फवारा मारायचे, अजूनही काही जण लावतात. आईच्या कपाटातल्या त्या बरणीचा असाही उपयोग आहे हे कळलं तेव्हा मला किती गंमत वाटली होती.

तरी अडलं, तर एकेक पाय वेगळा तपासायचा. बाहेरची स्लाइड पूर्ण काढ, मग फिरवून धर आणि एकाच आतल्या नळीवर तिची एकच नळी चढव, दुसरी मोकळी बाजूला राहू दे. दोन्ही बाजू अशा करून बघितल्या की कुठली नळी दुखतेय ते कळतं. आणि दोन्ही एकेकट्या सुरळीत जात असतील, जोडीनं घातल्यावरच अडत असतील, तर पोचा नाहीच. मग दोघी समांतर राहिलेल्या नाहीत. संसारासारखंच आहे म्हण हवं तर, पण हे तुझ्या अहोंसमोर म्हणू नकोस.

पोचा डोळ्यांनी बघायची रीत सांगते, ती पोरीलाही शिकव. खोलीतले बाकीचे दिवे घालव, एक ट्यूबलाइट ठेव. नळी आडवी धरून हळूहळू फिरव. नळीवर उजेडाची एक सरळ रेघ दिसेल. जिथे रेघ चिमटल्यासारखी होते किंवा मासोळीसारखी वळते, तिथे पोचा. माझ्या बाकावर महागातली मापनयंत्रं आहेत, तरी अजून सुरुवात मी या रेघेनंच करते.

आता ती यादीत नसलेली वस्तू. मँड्रेल. घासून अचूक मापाला आणलेला लांब, गोल, गुळगुळीत पोलादी दांडा, बस. तो व्हाइसमध्ये घट्ट पकडायचा, त्याला तेलाचा हात लावायचा आणि बाहेरची नळी त्याच्यावर चढवायची. त्याचं माप नळीच्या आतल्या मापापेक्षा एखाद-दुसरा थाऊ कमी. जास्त सैल असला तर पोच्याला आतून आधार नाही, घट्ट असला तर नळी अडकते किंवा फुगते. आणि प्रत्येक बोअरचा दांडा वेगळा. शाळकरी मुलांच्या ट्रॉम्बोनचा बोअर बहुधा ०.५०० इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर असतो, ऑर्केस्ट्रातल्या मोठ्या ट्रॉम्बोनचा ०.५४७ इंच. हा बोअर म्हणजे आतल्या नळीचं आतलं माप हं, बाहेरच्या नळीचा दांडा त्याहून जाड लागतो. म्हणजे आतल्या नळीचा एक, बाहेरच्या नळीचा एक, आणि थोड्या फरकानं त्यांची भावंडं. माझ्या भिंतीवर असे दांडे ओळीनं टांगलेत. त्यातले जुने बरेचसे मिशिगनमधल्या बॅटल क्रीकच्या फेरीज टूल्सचे आहेत, एका निवृत्त कारागिराकडून घेतलेले. एका पोच्यासाठी घरी एवढं जमवणं म्हणजे चकली खावीशी वाटली म्हणून भाजणीची गिरणी घालण्यासारखं आहे.

पोचा खोल असेल तर नेमका दांडा आत जातच नाही, तिथे अडतो. मग आधी बारीक दांडा, गोल टोकाचा. त्यानं पोचा थोडा उचलायचा. मग त्याच्याहून जाड. मग नेमका. पोच्याभोवती नेहमी एक उंचवटा उठलेला असतो, ताटाच्या कडेसारखा. नवशिका काय करतो, पोच्याच्या मधोमध हातोडी मारतो. आत पोलाद, वरून हातोडी, मधला पत्रा बिचारा चिमटतो, पातळ होतो, पसरतो. हातोडी चालवायची ती त्या कडेवर, गोल फिरत, अगदी हलकी. चेहऱ्यावर पावडरचा पफ लावतेस ना, तेवढीच. कड खाली बसत जाते तसा मधला भाग दांड्याच्या आधारानं आपोआप वर येतो. हातोडीचं तोंड आरशासारखं लखलखीत लागतं, त्याच्यावरचा ओरखडा जसाच्या तसा नळीवर छापला जातो. पुष्कळदा तर मी हातोडी उचलतच नाही. गुळगुळीत पोलादी बर्निशर घेऊन पापड लाटल्यासारखी नळी घोळवते. वेळ जास्त लागतो, पण ठसा राहत नाही आणि पत्रा कमी ताणला जातो.

आतल्या नळीला पोचा असेल तर मी स्वतःही दोनदा विचार करते. ती बहुतेक जर्मन सिल्व्हरची असते. आजीच्या ताटांचं तेच ते, ज्यात चांदी नावाला नाही, तांबं, निकेल आणि जस्त. वरून क्रोमचा मुलामा. क्रोम कडक पण ठिसूळ. पोचा उठवताना त्याचा टवका उडाला की तो कण बाहेरच्या नळीला आतून खरवडत बसतो. आणि पितळी नळीवर गुलाबी-लालसर डाग, मध्ये काळा ठिपका असं दिसलं तर हातोडी खाली ठेवायची. पितळेतलं जस्त झिरपून गेलेलं असतं तिथे, उरतं ते भुसभुशीत तांबं. त्यावर ठोकलंस की भोक.

आता त्या गोळ्या, केबल आणि लोहचुंबकाचं सांगते, नाहीतर तुझे अहो म्हणतील मेहुणीबाई सगळ्यालाच नाही म्हणतात. गोळ्या खोट्या नाहीत. जिथे सरळ दांडा पोचत नाही, म्हणजे मागचं मोठं वळण, ट्यूनिंग स्लाइडचं वळण, ट्युबाच्या नळ्यांची भेंडोळी, तिथे चढत्या मापाच्या पोलादी गोळ्या केबलला लावून आतून ओढतात. चुंबकाचं तर मला अजून अप्रूप आहे. आत गोळी, बाहेरून दणकट निओडिमियम चुंबक, मध्ये एखादा पातळ पडदा, आणि चुंबक फिरवला की आतली गोळी पोचा दाबत फिरते. मोठ्या भोंग्यावर बघायला जादूच वाटते. पण असला चुंबक आणि व्हाइस यांच्यात बोट सापडलं तर बोटाचा पापड. पेसमेकरवाल्या माणसानं तर त्याच्या जवळपासही फिरकू नये, आणि तुझे सासरे तुमच्याकडेच आहेत सध्या. शिवाय सरकत्या स्लाइडला गोळीचा उपयोग नाही. गोळी एका वेळी एकाच वर्तुळावर टेकते, दांडा लांबच्या लांब आधार देतो. स्लाइडला नुसता पोचा जाऊन चालत नाही, नळी पुन्हा आरपार सरळ आणि गोल झाली पाहिजे.

मागच्या वळणाला तो दुसरा छोटा पोचा आहे म्हणालीस ना, तो मी काढणार नाही. तिथे काही सरकत नाही, सुरावर फरक पडत नाही. राहू दे. दर पोच्यामागे धावणारे लोक वाद्य वाजवायचं विसरतात, असं माझं मत आहे, आणि या मतानं माझा धंदा बुडतो हेही खरं.

घरगुती उपायांबद्दल कानात सांगते, कारण तू केलेलंच असशील. लाटण्याचा दांडा घालून बघितलास का? नाही ना? लाकूड पाण्यानं फुगतं, त्याचे तुसे आत राहतात आणि ते कधी नेमकं गोल नसतं. पक्कड? आठवणसुद्धा नको. गाड्यांचे पोचे काढतात तसं हेअर ड्रायर आणि बर्फ? त्यानं काही होत नाही. गॅसवर तापवून नरम करणं? पितळ एकदा असं लालबुंद तापलं की मेणासारखं मऊ होतं, पुढच्या हलक्या धक्क्याला दुप्पट पोचा.

आता माझंच एक सांगते, आजवर आईलाही सांगितलेलं नाही. शिकत असताना एक स्लाइड मिळाली होती सरावाला. सरावाची म्हणजे टाकाऊ नव्हे, चांगली होती. मी मायक्रोमीटर न लावता, "हा बसेल" म्हणून दांडा उचलला. अर्धा गेला, घट्ट झाला. मला थांबता आलं असतं. पण शेजारच्या बाकावर दोन मुलगे बघत होते, वर्गात मुली मोजून तीन, आणि मला त्यांच्यासमोर माघार घ्यायची नव्हती. तेल ओतलं, पिळून जोर लावला. दांडा निघाला, पण पिळल्यामुळे दोन नळ्यांना जोडणाऱ्या ब्रेसचा डाग सुटला आणि नळी तिच्या जोडीदारणीपासून वाकडी झाली. तू विचारशील, मग काय केलं? जे सोऱ्याचं केलं तेच. फडक्यात गुंडाळून कपाटात. संध्याकाळपर्यंत पोटात गोळा. शेवटी सरांकडे घेऊन गेले. ते काही बोलले नाहीत, आजीसारखेच. माझ्या हातात मायक्रोमीटर ठेवला आणि भिंतीवरचा एकूण एक दांडा मोजून वहीत लिहायला लावला. मग ती स्लाइड पुन्हा समांतर आणायला मला चार दिवस लागले. सपाट घडीव दगडावर नळ्या ठेवायच्या, कुठे डुलतंय ते बघायचं, हातानं हळूच दाब द्यायचा, पुन्हा ठेवायचं. पोचा काढणं तसं लवकर शिकता येतं. हे समांतर आणणं मला अजून पहिल्या फटक्यात जमत नाही.

घरच्या घरी ते कसं बघायचं? स्लाइड डोळ्याच्या रेषेत आडवी धर, दोन्ही नळ्या एकीमागे एक येतील अशी. पुढच्या नळीनं मागचीला टोकापासून टोकापर्यंत सारखं झाकलं पाहिजे. एका टोकाला मागची डोकावत असेल तर पीळ पडलाय. बघ फक्त. हातानं सरळ करू नकोस.

आणि सगळ्यात आधी विचारायला हवं होतं ते आता आठवलं. ट्रॉम्बोन विकतचा आहे की भाड्याचा? भाड्याचा असेल तर कागद काढून बघ. पुष्कळ ठिकाणी भाड्यातच दुरुस्तीची हमी धरलेली असते, आणि आपण हात लावला की ती जाते. विकतचा असला तर माझ्याकडे आण. दोन तासांचा तर रस्ता आहे तुमच्यापासून मिल्वॉकी. पुढे कधी मी नसले आणि दुसरं दुकान बघायची वेळ आली, तर आमच्या व्यवसायाची नॅपबर्ट म्हणून संघटना आहे, १९७६ पासूनची. तुमच्या इलिनॉयमध्येच, नॉर्मल नावाच्या गावात. हो, गावाचं नावच नॉर्मल. दुकानात गेलीस की एवढंच विचार, "हा पोचा मँड्रेलवर काढणार ना? आणि नंतर नळ्या समांतर आहेत का बघणार ना?" समोरचा माणूस बाईकडून हे ऐकून जरा सरळ बसतो, हा माझा अनुभव. माझ्या दुकानात येणारे लोक अजूनही मलाच विचारतात, दुरुस्ती करणारे बुवा कुठे आहेत म्हणून.

रविवारी या. येताना ट्रॉम्बोन पेटीतच ठेव, स्लाइडचं लॉक फिरवलेलं आहे ना ते पोरीलाच बघू दे. उघड्या लॉकनं स्लाइड सुटून पडते, अर्धे पोचे माझ्याकडे त्या वाटेनं येतात. ट्यूबलाइटखाली रेघ तिलाच शोधायला लावते, दांडाही तीच मोजेल. हातोडी मात्र माझी.

आणि तो सोऱ्या तुझ्याकडेच आहे ना, वरच्या कपाटात? तोही आण. दट्ट्या टोकापर्यंत जातो, पण उजेडात तिरका धरलास की मधोमध मठारल्याचे बारीक ठसे दिसतात. तिला दाखव, आणि ते कुणामुळे पडले तेही खुशाल सांग. भाजणी माझ्याकडे आहे, फक्त तीळ घेऊन ये, माझे संपलेत.